नव्या सिगारला गुण देण्याआधी: पुण्याच्या हवेत चाखणी कशी करावी

राखरांगोळी (मूळ धागा)

नवा सिगार आला रे आला की आठवड्याच्या आत इथे "९२ गुण" किंवा "कडवट, पैसे पाण्यात" असे प्रतिसाद पडतात. यातले बरेचसे गुण तंबाखूला दिलेले नसतातच. ते हवेला, कुरियरच्या खोक्याला आणि डोक्यावरच्या पंख्याला दिलेले असतात. जुलैत पुण्याची सापेक्ष आर्द्रता ८०-९० टक्क्यांत घुटमळते, एप्रिलच्या दुपारी तीच २० च्या आसपास उतरते. एकाच पेटीतला सिगार जुलैत विझत राहतो, एप्रिलमध्ये भसाभसा जळून जीभ पोळतो, आणि दोन्ही वेळा खापर कारखान्यावर फुटतं. म्हणून आधी हवेचा हिशोब मिटवायचा, मग चवीकडे वळायचं.

पार्सल आल्यावर किमान तीन आठवडे, जमलं तर सहा, सिगार मुरू द्यावेत. लाकडी ह्युमिडॉर (सिगार मुरवायची, आर्द्रता राखणारी पेटी) नसला तरी काही अडत नाही. बोहरी आळीत रबरी कडीचा, चारही बाजूंना खटके असलेला हवाबंद डबा मिळतो. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन दोन दिवस उघडा ठेवला की प्लास्टिकचा वास जातो. त्यात २५ सिगारमागे ६० ग्रॅमचं एक आर्द्रता-पाकीट, ६५ टक्क्यांचं, म्हणजे डब्यातली हवा तेवढ्या आर्द्रतेवर ठेवणारं, आणि एक डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र. डबा कपाटात खालच्या खणात ठेवा, माळ्यावर नको. माळा हा घरातला सगळ्यात तापणारा कोपरा.

मुरलं की नाही हे दिवस मोजून कळत नाही, वजनावरून कळतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनारकामाचा छोटा काटा घ्या. दर तीन दिवसांनी तोच सिगार तोला. लागोपाठच्या दोन वजनांत ०.०२ ग्रॅमहून कमी फरक आला की तो डब्यातल्या हवेशी जुळला असं समजा. रोबुस्तो आकाराचा सिगार साधारण १२ ग्रॅमचा धरला, तर पावसाळी पार्सलमधून आलेला नग मुरताना पाव ग्रॅमपर्यंत सहज उतरतो. तेवढं पाणी म्हणजे जळण्यातला सगळा फरक.

एका नगावर गुण देऊ नका. एकाच पेटीतले किमान तीन घ्या. तिघांच्या वजनांत एक ग्रॅमपेक्षा जास्त तफावत असेल तर भरण्यात सारखेपणा नाही, ड्रॉही, म्हणजे झुरक्याला लागणारी ओढही, सारखा येणार नाही. हे पेटवण्याआधीच टिपून ठेवा. एकच नग बिघडला तर तो वळणाऱ्याच्या हातचा दोष. तिन्हींत तोच दोष दिसला तर तो पानांच्या मिश्रणाचा किंवा कारखान्याचा.

चाखणीच्या दिवशी दीड तास आधी साधं जेवण. मिसळ, ठेचा, लोणचं नको. तिखटाने बधिर झालेल्या जिभेवर मिरीची चव उमटत नाही. रिकाम्या पोटी तर मुळीच नको, निकोटिनने गरगरायला लागतं. सोबत खोलीच्या तापमानाचं पाणी किंवा साधा सोडा. दुधाचा चहा नको, दुधाची साय जिभेवर बसते. पंखा बंद. गच्चीवर बसणार असाल तर भिंतीच्या आडोशाला.

सिगार पेटवण्याआधी बोटांनी टोकापासून (तोंडात धरायची बाजू) बुडापर्यंत (पेटवायची बाजू) हलकेच दाबत जा. कुठे पोकळ, कुठे गाठ, ते लिहा. रॅपरचा, म्हणजे सर्वांत बाहेरच्या पानाचा, वास घ्या, मग बुडाचा. टोपी, म्हणजे टोकावर बसवलेला पानाचा तुकडा, कापताना दीड ते दोन मिलिमीटर, टोपीच्या खांद्याच्या वरच. खांद्याखाली कापलंत की रॅपर उलगडलाच. कापल्यावर न पेटवता दोन-तीन झुरके घ्या. या कोऱ्या ड्रॉला ओढ किती लागते आणि चव काय येते, दोन्ही टिपा.

पेटवताना ज्योत बुडाला टेकवायची नाही, साधारण एक सेंटिमीटर खाली धरून सिगार फिरवत कडा काळवंडू द्यायच्या. मग पहिला झुरका. त्यानंतर मिनिटाला एक झुरका, दोन-तीन सेकंदांचा. १२४ मिलिमीटरच्या रोबुस्तोत शेवटचे २५ सोडले तर जवळपास १०० मिलिमीटर ओढायचे असतात. ते ५० मिनिटांत संपले तर वेग मिनिटाला २ मिलिमीटर, म्हणजे ठीक. वेग ३ वर गेला तर कडवटपणा तुमच्या घाईचा आहे, तंबाखूचा नाही. शेजारी कागदाची पट्टी ठेवून तिच्यावर ३३-३३ मिलिमीटरच्या खुणा करा आणि तिन्ही भागांचे शेरे वेगवेगळे लिहा.

गुणांचा तक्ता: दिसणं आणि बांधणी १५, ड्रॉ १५, जळण १५, चव आणि वास ४०, चवीतला बदल आणि शेवट १५. किंमत गुणांत धरायची नाही, ती वेगळ्या ओळीत.

सुधारणा सुचवा.

आर्द्रतामापी

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. फक्त एक पायरी राहिली, आणि ती पहिली आहे: हायग्रोमीटर खरं बोलतो का ते तपासणं. तपकीर गल्लीत मिळणारे स्वस्तातले डिजिटल यंत्र पाच-सात टक्क्यांनी चुकतं आणि तुम्ही ६५ समजून ७१ वर सिगार मुरवत बसता.

मिठाची चाचणी करा. बाटलीच्या बुचात साधं मीठ भरा, त्यावर थेंब-थेंब पाणी सोडा. मीठ ओलं दिसायला हवं, विरघळायला नको. पाणी वर तरंगलं तर टिपून काढा. बूच आणि हायग्रोमीटर एकाच झिपच्या पिशवीत बंद करून चोवीस तास सावलीत ठेवा, मध्ये उघडू नका. संपृक्त मिठावरची हवा २५ अंशांना ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ७१ दाखवत असेल तर ते ४ ने कमी सांगतंय. मागे चिकटपट्टीवर "+४" लिहून टाका. वर्षातून दोनदा पुरे, एकदा जूनआधी आणि एकदा दिवाळीनंतर.

सहसा ७० टक्के सांगतात, मग ६५ का, हा प्रश्न येणारच. ७० वर मुरलेला सिगार पुण्यातल्या पावसाळी संध्याकाळी तासभर बाहेर राहतो तेव्हा वरून आणखी ओल घेतो. फिलर, म्हणजे आत भरलेली पानं, तापून फुगतो, रॅपर ताणला जातो आणि बँडच्या (नावाच्या कागदी पट्टीच्या) आसपास चिरतो. ६५ वर ही भानगड कमी, जळण सरळ. शिवाय ७२ च्या पुढे बुरशीची भीती.

कर्वेरोडी

पांढरी पूड दिसली की "ही तर प्लूम, उत्तम मुरल्याची खूण" असं दुकानदार सांगतात. खरं काय?

आर्द्रतामापी

बुरशी समजून चाला. कापसासारखी लव, गोलाकार ठिपके, पुसल्यावर डाग, आणि विशेषतः बुडाच्या उघड्या पानांवर दिसली तर शंकाच नको. रॅपरवर थोडी असेल तर कोरड्या कापडाने पुसून तो नग वेगळ्या पिशवीत ठेवा. बुडात असेल तर टाकून द्या आणि डबा पुसून घ्या. अशा नगाला गुण देण्याचा प्रश्नच येत नाही.

झुरकेश्वर

राखरांगोळी काका, जळणाला १५ गुण दिलेत पण कशाचे कापायचे ते इस्कटून सांगितलं नाहीत. माझ्या परीने भर घालतो.

एका बाजूने जळत जाणं. कारणं तीन: पेटवताना एक कड कमी तापली, वारा, किंवा फिलरमधलं जाड लिजेरो पान मधोमध न बसता एका अंगाला सरकलंय. लिजेरो हे झाडाच्या वरच्या भागातलं पान, तेलकट, जाड, हळू जळणारं; म्हणून वळणारा ते मध्यभागी ठेवतो. मागे राहिलेली बाजू खाली करून दोन-तीन मिनिटं थांबा. सुधारलं नाही तर फक्त त्या कडेला ज्योत दाखवा. पहिल्या १५ मिलिमीटरमध्ये एकदा ज्योत दाखवावी लागली तर गुण कापू नका, ती पेटवणाऱ्याची चूक असू शकते. त्यानंतर दर वेळेला २ गुण.

आतून पोकळ जळणं. रॅपर आणि बाइंडर (रॅपरखालचं बांधणीचं पान) ओले, फिलर कोरडा, किंवा दोन झुरक्यांमध्ये फार वेळ घालवलात. धूर अचानक पातळ होतो, बाजूची भिंत उभी राहते. राख झटका, उभी राहिलेली कड जाळून सपाट करा, दोन झुरके लवकर घ्या.

टोकदार निखारा. राख झटकल्यावर आत छोटा शंकू दिसला तर उत्तम. शंकू लांब आणि अणकुचीदार असेल तर झुरके घाईचे आहेत.

विझणं. राख झटका, सिगारमधून हलकेच बाहेर फुंकून जुना धूर काढा, मग पुन्हा पेटवा. विझून तासभर झाला असेल तर त्या नगाचे चवीचे गुण धरू नका, कोळशाची कडवट चव आत बसलेली असते.

राखेच्या रंगावरून दर्जा ठरवणारे बरेच आहेत. तो रंग मुख्यतः जमिनीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, दर्जाचा नव्हे. राख दोन सेंटिमीटर टिकते का, ते मात्र बघा. लांब पानांचं फिलर आहे की तुकड्यांचं, हे त्यावरून कळतं.

आता ड्रॉ. घट्ट असेल तर दोन शक्यता: ओल, किंवा आतल्या पानांचा पीळ. ओल असेल तर "ड्राय बॉक्स" करा असं परदेशी चर्चांमध्ये सांगतात, म्हणजे सिगार रिकाम्या लाकडी खोक्यात दोन दिवस उघड्या हवेत. हे पुण्यात नोव्हेंबर ते मार्च चालतं. जुलैत केलंत तर सिगार कोरडा होण्याऐवजी आणखी ओल पितो! पावसाळ्यात दुसरा छोटा डबा ठेवा, त्यात ६२ टक्क्यांचं पाकीट, आणि चाखणीआधी दोन-तीन दिवस नग त्यात हलवा. पीळ असेल तर बोटांत हलकेच फिरवून गाठ सैल होते का बघा, नाहीतर बारीक सळई टोकाकडून चार-पाच सेंटिमीटर आत घालून हलकेच फिरवत बाहेर काढा. सळई वापरलेल्या नगाला ड्रॉचे ५ पेक्षा जास्त गुण नकोत. ड्रॉ फार सैल असेल तर इलाज नाही. भरणच कमी आहे, गरम जळणार.

दगडफूल

चवीचे ४० गुण कशाच्या आधारावर? प्रत्येक समीक्षेत "लेदर, सीडर, कोको, अर्थ" वाचायचं आणि तेच आपल्या वहीत उतरवायचं, असं चाललंय. नाकाला आधी ओळखीचा वास द्या, मग चिरूट पेटवा.

पंधरा छोट्या काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत अर्धा चमचा: काळी मिरी भरडलेली, पांढरी मिरी भरडलेली, जायफळ किसलेलं, नागकेशर, दगडफूल, सुकं खोबरं करपवून, शेंगदाणे सालासकट भाजून, काकवी, मनुका ठेचून, कोको पावडर, चिकोरी नसलेली कॉफी, वाळलेलं गवत, पेन्सिलीचा कीस, नव्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा कपटा आणि कुंडीतली ओली माती. मसाल्याचं सामान मंडईत एका फेरीत मिळतं. बाटल्यांना वरून नुसते आकडे, नावं बुडाखाली चिकटवा. चाखणीच्या आधी एकेक बाटली दोन सेकंद हुंगा, आकड्यासमोर नाव लिहा, मग उलटी करून पडताळा. पंधरापैकी दहा ओळखता येईपर्यंत समीक्षा लिहू नका, हलके घ्या. ओली माती रोज बदला, कॉफी आठवड्याने, बाकी महिनाभर टिकतं.

नाकातून धूर सोडल्याशिवाय यातलं निम्मंही कळत नाही. छातीत ओढायचा नाही. तोंडात धूर घ्या, बराचसा तोंडावाटे सोडा, उरलेला थोडासा नाकातून. दर चार-पाच झुरक्यांनी एकदा पुरे. दर वेळी केलंत तर वीस मिनिटांत नाक बंड करतं.

तीन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहा, कारण त्यांची सारखी गल्लत होते: शक्ती म्हणजे निकोटिन, ती पोटात आणि डोक्यात जाणवते, बॉडी म्हणजे धुराचा तोंडातला जडपणा, चवीची तीव्रता ही तिसरीच. कनेक्टिकट शेड या फिकट रॅपरचा सिगार हलका दिसतो, पण आत निकाराग्वाच्या एस्तेलीचं लिजेरो असेल तर शक्ती दणकून असते. उलट मेक्सिकोच्या सान आंद्रेसचा काळाकुट्ट रॅपर बघून लोक घाबरतात आणि निघतो तो कोको, मातकट, मवाळ. रॅपरचा गडद रंग ही शक्तीची खूण नव्हे.

ढोबळ अपेक्षा म्हणून: एस्तेलीच्या पानात मिरी आणि जोर, निकाराग्वातल्याच जालापाच्या पानात गोडसर मऊपणा, तिथल्याच ओमेतेपे बेटाच्या ज्वालामुखी मातीत मातकट छटा, कॅमेरूनच्या रॅपरला हाताला लागणारे बारीक दाणे आणि गोड मसाला, कनेक्टिकट ब्रॉडलीफला काकवी. अपेक्षेबाहेर काही आलं तर ते ठळक लिहा, नव्या सिगारची खरी बातमी तीच. एका भागात तीनपेक्षा जास्त चवी लिहू नका. "वेलचीच्या सालीवर पडलेला पहिला पाऊस" छापाचे शेरे कृपया कवितेच्या धाग्यावर.

राखरांगोळी

दगडफूल ताई, बाटल्या मान्य. तक्त्यात शक्ती, बॉडी, तीव्रता हे तीन रकाने घालतो, गुण न देता.

भुसार_पेठ

मला मूळ १०० गुणांवरच आक्षेप आहे. ही पद्धत रुळली ती १९९२ साली सुरू झालेल्या सिगार अफिशिओनाडो मासिकामुळे. तिथे ९५ ते १०० अभिजात, ९० ते ९४ उत्कृष्ट, ८० ते ८९ फार चांगला ते उत्तम. प्रत्यक्षात छापून येणारे बहुतेक आकडे ८६ ते ९४ मध्ये दाटीवाटीने बसतात. ९१ आणि ९२ मधला फरक दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला सांगता येत नाही. मात्र त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे: बँड काढून, आकडा लावून, आंधळी चाखणी. नव्या मालाला हे सर्वांत जास्त लागू, कारण सोनेरी बँड आणि पाच आकडी किंमत बघितली की जीभ आपोआप नम्र होते.

बँड काढायचं काम चाखणाऱ्याने करायचं नाही, घरातल्या दुसऱ्याने. बँड डिंकाने चिकटला असेल तर नखाने ओढू नका, रॅपर फाटतो. डिंक लागलेली बाजू सुरीच्या टोकाने उचला. तरीही निघत नसेल तर वरून पांढऱ्या कागदाची पट्टी गुंडाळा. नव्या सिगारच्या जोडीला त्याच आकाराचा, पुरता ओळखीचा एक जुना सिगार आंधळेपणाने मिसळा. ओळखीच्या सिगारला तुम्ही नेहमीपेक्षा पाच गुण कमी दिलेत तर त्या दिवशी तुमची जीभच ठिकाणावर नाही. सगळे कागद फाडून टाका.

"नवं मिश्रण" असा डांगोरा पिटलेला सिगार खरंच जुन्यापेक्षा वेगळा आहे का, हा प्रश्न असेल तर त्रिकोणी चाचणी घ्या. प्रत्येकाला तीन नग: दोन सारखे, एक वेगळा, तिन्ही एकाच आकाराचे, प्रत्येकाचे पहिले पंधरा झुरके. वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. पाच जण बसलात तर किमान चौघांचं, सहा जण बसलात तर किमान पाच जणांचं उत्तर बरोबर यायला हवं. सहापैकी चार बरोबर आले तर ते नशिबानेही येऊ शकतं, साधारण दहात एकदा. खर्चिक आहे, म्हणून पेटी घेण्याआधी वर्गणी काढूनच.

आणि शेवटच्या ओळीत आकड्याऐवजी एवढंच लिहा: या किमतीला एक घ्यावा, पाच घ्यावेत, पेटी घ्यावी, की एकही नको. वाचणाऱ्याला हवं असतं ते हेच.

राखरांगोळी

शेवटची ओळ घेतो. गुणही ठेवतो, कारण दोष कुठे आहे ते तक्त्यातूनच कळतं. एकूण बेरीज कुणी वाचली नाही तरी चालेल.

कर्वेरोडी

शंका: नवी मालिका एकदम चार-पाच आकारांत येते. चाखणीला कोणता घ्यावा? सगळे घेणं खिशाला झेपत नाही. आणि क्युबन असेल तर खरा-खोटा कसा ओळखावा?

झुरकेश्वर

बारीक आकारातला, पण अगदी सगळ्यात बारीक नव्हे. जाडी रिंग गेजमध्ये, म्हणजे इंचाच्या ६४ व्या भागांत मोजतात: ४२ म्हणजे १६.७ मिलिमीटर, ५० म्हणजे १९.८, ६० म्हणजे २३.८. ४२ वरून ६० ला गेलात की आतला छेद दुप्पट होतो, पण घेर, म्हणजे रॅपरचा वाटा, दीडपटही वाढत नाही. त्यामुळे ६० च्या सिगारमध्ये रॅपर फिलरखाली दबतो. ४२ चा करोना (हे आकाराचं नाव) मिळाला तर मिश्रणाचा तोल तिथे दिसतो. ३८ चा लान्सेरो आणखी स्पष्ट, पण वळायला अवघड, ड्रॉ अडकण्याचं प्रमाण जास्त. पहिल्याच चाखणीला नको. एका आकाराचे गुण दुसऱ्या आकाराला लावू नका.

भुसार_पेठ

क्युबनबद्दल. पेटीच्या बुडाला भाजून उमटवलेला शिक्का असतो: हाबानोस एस. ए. (क्युबन सिगार विकणारी कंपनी), "एचो एन कुबा" (क्युबात बनवलेला), आणि १९८९ पासून "तोतालमेंते आ मानो" (पूर्णपणे हाताने). शेजारी कारखान्याचा तीन अक्षरी सांकेतिक शब्द आणि महिना-वर्ष. महिने स्पॅनिश: एने म्हणजे जानेवारी, अब्र एप्रिल, अगो ऑगस्ट, दिक डिसेंबर. ही तारीख चाखणीच्या कागदावर उतरवायलाच हवी. "नवा" म्हणून आलेली पेटी कधी चार महिन्यांची असते तर कधी दोन वर्षांची, आणि दोघींच्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक. हमीपत्राच्या हिरव्या पट्टीवरचा बारकोड कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. टोपीला सहसा तीन पदरांच्या रेघा दिसतात. काचेच्या झाकणाची कोहिबा या क्युबन ब्रँडची पेटी समोर आली तर पुढे काही बघायची गरज नाही, ती नकली. भारतात अधिकृतपणे आलेल्या पेटीवर ८५ टक्के भाग व्यापणारी चित्रमय सूचना असते. ती नसेल तर माल कुठून आला ते विचारा.

"एदिसिओन लिमिताडा" (मर्यादित आवृत्ती) लिहिलेल्या पेट्यांमध्ये २००७ पासून सगळीच पानं किमान दोन वर्षं मुरवलेली असतात, आधी फक्त रॅपर. पण मुरवलेलं पान आणि वळून झालेल्या सिगारचं मुरणं वेगळं. वळताना पानं ओली करावी लागतात, त्यानंतरचे काही महिने तरुण सिगारला अमोनियाचा झोंबरा वास येऊ शकतो. कापल्यावर बुडाशी तो वास आला तर त्या पेटीचे उरलेले नग तीन महिने बाजूला ठेवा, गुण तेव्हाच द्या. हवानातल्या फेब्रुवारीच्या आसपासच्या महोत्सवात जाहीर झालेले नवे सिगार प्रत्यक्ष बाजारात यायला कित्येक महिने लागतात. अमेरिकेतल्या व्यापारी प्रदर्शनात वाटलेले नमुने आणि नंतरचा दुकानातला माल यांतही फरक पडतो. तिथल्या पहिल्या समीक्षा वाचून इथे पेटी मागवू नये.

संपादक मंडळ

धागा माहितीपूर्ण आहे, चालू राहू द्या. सूचना तीन. दुकानांची नावं, दुवे, "माझ्याकडे पेटी आहे, व्यक्तिगत निरोप पाठवा" असले प्रतिसाद उडवले जातील. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे आणि १८ वर्षांखालील कुणाला विक्री करता येत नाही. सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई आहे, तेव्हा चाखणी कट्टा बागेत किंवा टेकडीवर ठरवू नका. वणव्याचा धोका वेगळाच. सोसायटीच्या गॅलरीतला धूर वरच्या मजल्यावर जातो, शेजाऱ्यांना विचारून.

आणि "छातीत ओढत नाही म्हणून अपाय नाही" हे वाक्य या धाग्यावर नको. एका मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम तंबाखू असते, म्हणजे सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी असू शकते. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच शोषलं जातं, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका धूर आत न ओढताही राहतो.

दगडफूल

सहमत. म्हणूनच एका बैठकीत एकच. एका दिवसात तीन नग संपवून "तुलनात्मक चाखणी" लिहिणाऱ्यांची जीभ दुसऱ्या सिगारला दमलेली असते आणि तिसऱ्याला काहीच कळत नसतं. त्रिकोणी चाचणीत पंधरा झुरक्यांची मर्यादा आहे ती यासाठीच; त्यातही प्रत्येक नगामागे वीस मिनिटं थांबा, कोरडा फुलका आणि पाणी घ्या.

आर्द्रतामापी

अवांतर नाही, पण राहून गेलं: किडे. तंबाखूच्या भुंग्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि २४-२५ अंशांच्या पुढे ती फुटण्याचा धोका वाढतो. पुण्यात मार्च ते जून कपाटातलं तापमान याहून वरच. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी एक-दोन मिलिमीटरची भोकं आणि डब्याच्या तळाशी भुकटी दिसली की समजा. क्युबन पेट्या निर्यातीआधी गोठवतात, बाकीच्यांचं ठाम सांगता येत नाही.

म्हणून आलेला माल: दुहेरी झिपच्या पिशवीत, हवा काढून, आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात २४ तास, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये. तीन दिवस पुरतात, पण घरचा फ्रीझर दिवसातून दहादा उघडतो आणि वीजही जाते, तेव्हा पाच दिवस धरा. नंतर परत खालच्या कप्प्यात २४ तास, मग पिशवी न उघडता खोलीत अर्धा दिवस. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलंत तर रॅपर तडकतो, आणि पिशवी लवकर उघडली तर वर दव जमतं. आल्यावर किती दिवस मुरवलं हे मोजताना हे आठ दिवस धरू नका.

कर्वेरोडी

शेवटचं विचारतो. नवीन येणाऱ्यांत टॉर्पेडो आणि पिरॅमिड हे निमुळत्या टोकाचे आकार बरेच असतात. त्यांना दोन मिलिमीटरचा नियम कसा लावायचा? पंच (टोपीला गोल भोक पाडायचं हत्यार) तर टोकावर बसतच नाही.

झुरकेश्वर

पंच विसरा. निमुळत्या टोकाला सरळ पात्याचा कटर, पायरीपायरीने. मोंटेक्रिस्तो नंबर दोनचा पिरॅमिड १५६ मिलिमीटर लांब आणि ५२ रिंगचा. अशाला आधी टोकापासून चार मिलिमीटर कापा, कोरा ड्रॉ बघा, घट्ट वाटला तर आणखी एकेक मिलिमीटर. उघडलेलं तोंड सहा ते आठ मिलिमीटर रुंद झालं की थांबा. लहान तोंडातून धूर एकवटून जिभेच्या एकाच भागावर पडतो, डांबरही तिथेच साचतं. अर्ध्यावर कडवट लागायला लागलं तर एक मिलिमीटर अजून कापून टाका. तिन्ही नगांना तोंडाची रुंदी सारखी ठेवा आणि ती पट्टीने मोजून कागदावर लिहा, नाहीतर ड्रॉच्या गुणांची तुलनाच होत नाही.